पुढच्या चाकातलं लिक्विड

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, कारभारी सानपांनी विमानाचं पुढचं चाक सोडवलं आणि ट्यूबचा वॉल्व्ह काढला. हवेबरोबर हिरवं, चिकट लिक्विड बाहेर आलं. हँगरमध्ये ते एकटेच होते. लिक्विड त्यांनीच भरलं होतं आणि हे दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

कारभारींचं अंबडमध्ये तेवीस वर्षं टायरचं दुकान होतं. तिथलाच एक कारखानदार, हर्षल देवरे, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. हर्षलनं नांदगावच्या बाजूला गवताची धावपट्टी तयार केली, दोन माणसांचं हलकं विमान घेतलं आणि टायर निवडायला कारभारींना बोलावलं. विमानाबरोबर आलेले टायर अरुंद होते. कारभारींनी धावपट्टीवरून पायी एक फेरी मारली, काळ्या मातीत टाच रोवून पाहिली.

"हे रुततील, शेठ. रुंद घ्या, जाड प्लायचे. हवा जरा कमी ठेवू."

ते बरोबर ठरलं. पुढं दुकान मुलाकडे देऊन कारभारी धावपट्टीवरच कामाला लागले. विमान हँगरमधून ढकलत काढणं, चाकांना ठोकळे लावणं, वारा सुटला की पंख दोरांनी बांधणं. ढकलताना कुणी नाकावरच्या पंख्याला हात लावला की ते ओरडत.

पावसाळा संपला, गवत वाळलं आणि सराट्याचे काटे धावपट्टीवर पसरले. नोव्हेंबरात आठ दिवसांत चार पंक्चर झाले.

"काका, दुकान मुलाला दिलंत की इकडं हलवलंत?" हर्षल विमान चालवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. कारभारीही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटरच्या चाकात घालतात ते पंक्चरचं लिक्विड आणलं आणि तिन्ही चाकांत भरलं. दुकानात त्यांनी ते हजारो गाड्यांत भरलं होतं. कुणाला विचारावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. पंक्चर थांबले. हर्षलनं विचारलं, "काय जादू केली?" तर म्हणाले, "हात फिरवला."

डिसेंबरात थंडी वाढली. विमान पाच दिवस जागेवरून हललं नाही आणि लिक्विड चाकाच्या तळाशी घट्ट साकळलं. स्कूटरचं चाक पक्कं धरलेलं असतं, तिथं एवढ्यानं बिघडत नाही. या विमानाचं पुढचं चाक डावी-उजवीकडे मोकळं वळणारं होतं. शनिवारी सकाळी प्रशिक्षक छाया ठेटे एकटीच उड्डाणाला निघाली. वेग वाढला तसं ते चाक थडथडू लागलं. तिनं इंजिन बंद केलं, पण तोवर चाकाचा दांडा मोडला आणि विमान नाकावर आपटून आडवं फिरलं. छायाचं डावं मनगट मोडलं.

कारभारी पट्टीच्या कडेला उभे होते. एका बाजूला जड झालेलं चाक कसं थडथडतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

मंगळवारी दहा वाजता हर्षल हँगरमध्ये आला. कारभारींनी त्याला ट्यूब दाखवली आणि सगळं सांगितलं. हर्षलनं आधी हँगरचं दार लोटून घेतलं.

"गुरुवारी चौकशीचे अधिकारी येतायत," तो म्हणाला. "हे निघालं तर विमानात न विचारता बदल केला, असा अर्थ होतो. पट्टीची परवानगी जाईल, काका. सहा वर्षं घातलीत मी."

"मग छायाताईंचं काय लिहिणार?"

"नाकाच्या चाकावर जास्त भार ठेवला म्हणून. होतं असं. पुन्हा चाचणी देईल."

"पुढच्या महिन्यात त्यांची एअरलाइनची मुलाखत हाय."

"पुढच्या वर्षी देईल ना! तिचं वय काय, एकोणतीस." हर्षलनं आवाज खाली आणला. "धुऊन टाका ती. नाहीतर नवीच घाला. तुमच्यावर मी एक शब्द येऊ देणार नाही."

तो गेल्यावर कारभारींनी पंक्चर शोधायच्या टबात पाणी भरलं. ट्यूब पाण्याजवळ नेली. मग ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि मोटरसायकल काढली.

इंदिरानगरच्या फ्लॅटचं दार छायाच्या आईनं, सिंधुबाईंनी उघडलं. "या. बघा जरा हिच्याकडं. जेवत नाही, झोपत नाही, नुसती लिहीत बसलीय."

छाया टेबलाशी होती. डावा हात प्लास्टरमध्ये, समोर चार-पाच कागद.

"काका, बरं झालं आलात. तुम्ही कडेला होता. मी नाक उचललं होतं की नाही? मला आठवतच नाहीये. चौकशीसाठी तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा वेगळं."

"उचललं होतं," कारभारी म्हणाले. "तुमचं काय चुकलं नाय." आणि त्यांनी पिशवी उघडली.

त्यांचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "कधीपासून होतं हे?"

"महिना झाला."

"महिनाभर मी या चाकांवर विद्यार्थी नेले."

तिनं उजव्या हातानं ट्यूब चाचपली.

"आणि चाक थडथडताना तुम्ही पाहिलंत. म्हणजे शनिवारीच कळलं तुम्हाला."

"शंका आली व्हती."

"आज मंगळवार आहे, काका."

सिंधुबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या होत्या. त्या तो हातात धरून उभ्याच राहिल्या.

"शेठ धुवायला सांगत व्हते," कारभारी म्हणाले. "म्हणून इकडं घेऊन आलो. तुम्ही दाखवा सायबांना."

"मी दाखवली तर म्हणतील, स्वतःला वाचवतेय. तुम्हाला बोलावं लागेल. हर्षल सरांच्या समोर."

"बोलतो."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

खिशातला मोबाईल वाजला. हर्षलच होता. कारभारींनी तो तिच्यासमोरच घेतला.

"नाय, शेठ," ते म्हणाले. "धुतली नाय. धुणार बी नाय. गुरुवारी मी येतो तिथं." पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते उठले आणि पिशवी उचलू लागले.

"ती इथंच राहू दे," छाया म्हणाली.

कारभारी थांबले. "मी आणीन ना, ताई. गुरुवारी."

"इथंच राहू दे."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, तिच्या तोंडाला गाठ मारली आणि पाणी न घेताच जिना उतरले.