बोचक्याचं पथ्य

प्राणिमात्राचं आयुष्य त्याच्या ताटात ठरतं. श्रीमंत असो, गरीब असो, दोन पायांचा असो वा चार पायांचा, ज्याचं ताट सांभाळलं त्याचा जीव सांभाळला, हे पथ्यबाई एका मोठ्या इस्पितळाच्या आहार विभागात बसून उभी हयात सांगत आल्या. सांगून झालं की झाकणं घातलेली ताटं ट्रॉलीवरून वॉर्डात जायची आणि थोड्या वेळाने तशीच परत यायची. झाकण तेवढं काढलेलं असायचं.

पथ्यबाई हे नाव त्यांना पेशंटांनी दिलं होतं. ‘पथ्यबाई आल्या’ अशी कुजबुज झाली की हृदयविकाराचे पेशंट झोपेचं सोंग घ्यायचे आणि नातेवाईक चमचमीत वासाच्या पिशव्या कॉटखाली सरकवायचे. बाई आधी पेशंटकडे बघायच्या, मग थेट उष्ट्याच्या बादलीकडे जायच्या. बादली त्यांच्याशी कधी खोटं बोलली नाही. तिच्यात सूप असायचं, उकडलेली भाजी असायची, आणि त्यांनी मन लावून ठरवलेलं बाकीचं सगळं असायचं. निवृत्तीच्या समारंभात इस्पितळाचे प्रमुख म्हणाले, “यांच्या जेवणामुळे असंख्य पेशंट लवकर बरे होऊन घरी गेले.” सभागृहात मागच्या रांगेत जो हशा पिकला, त्याचं कारण प्रमुखांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंना कळलं.

त्यांचे यजमान एका प्रकाशनसंस्थेतून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. चूक दिसली की समासात खूण करायची, तोंडाने काही बोलायचं नाही, हा धंद्याचा नियम त्यांनी संसारालाही लावला होता आणि त्यामुळे संसार छान चालला होता. रक्तदाब निघाल्यापासून ते बिनमिठाचं जेवत. त्यांचं ताट रोज रिकामं व्हायचं. पण ते बाईंनी कधी आपल्या यशात धरलं नाही. नवरा म्हणजे काही पेशंट नव्हे. त्याला डिस्चार्ज नसतो.

आणि घरात होतं बोचकं.

बोचकं म्हणजे मांजर. लेक नोकरीसाठी दूर गेली तेव्हा ते मागे ठेवून गेली. अंग गुंडाळून बसलं की ते कपड्यांच्या बोचक्यासारखं दिसायचं आणि उचलायला गेलं की बोचकारायचं, म्हणून दोन्ही बाजूंनी शोभणारं नाव. आता ते म्हातारं झालं होतं. सारखं पाणी प्यायचं, मग सारखं ओलं करून ठेवायचं, आणि अंगावरची केसाळ कातडी ढगळ झाली होती, जणू दुसऱ्याच्या मापाची शिवली आहे.

“किडन्या,” जनावरांची डॉक्टरीण कागदाकडे बघत म्हणाली. वयाने लेकीएवढीच होती. “बऱ्याच खराब झाल्यात, काकू. औषध आहे, पण मुख्य म्हणजे खाणं बदलायचं. किडनीच्या मांजरांसाठी वेगळं अन्न येतं, डब्यातलं. प्रथिनं बेताची, फॉस्फरस कमी, ओलसर.”

हा प्रसंग दुःखाचा होता आणि पथ्यबाईंना दुःख झालंही. पण मुद्रितशोधकांनी पाहिलं की निवृत्तीनंतर खुर्चीत खचत चाललेली त्यांची बायको ताठ बसली आहे. तिला पुन्हा पेशंट मिळाला होता.

“फॉस्फरस मी बघते,” बाई म्हणाल्या. “ते माझ्यावर सोडा.”

“फक्त एक लक्षात ठेवा हं. मांजराचं कुत्र्यासारखं नसतं. भूक लागली की झक मारत खाईल, असं नाही. ते खरंच उपाशी राहतं, आणि मग लिव्हर जातं. त्यामुळे खात नसेल तर मला लगेच सांगायचं. दुसऱ्या चवीचं बघू. तेही नाही चाललं तर पथ्य गेलं खड्ड्यात, जे खाईल ते द्यायचं. उपाशी मात्र ठेवायचं नाही.”

“खाईल,” पथ्यबाई म्हणाल्या. “न खायला काय झालं?”

डॉक्टरणीचं सगळं बोलणं मुद्रितशोधकांनी नीट ऐकलं होतं, एकही शब्द न गाळता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डबा फोडला, अन्न काट्याने मऊ केलं, कोमट पाण्याचा शिपका दिला आणि वाडगा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. बोचकं आलं. त्याने हुंगलं. मग पुढच्या पायाने फरशी खरवडली, म्हणजे घाण केल्यावर ती झाकायला मांजर जसं करतं तसं, आणि निघून गेलं.

मुद्रितशोधक चहाचा कप हातात धरून बघत राहिले. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्यांना वाटून गेलं.

“नवीन आहे ना,” बाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशी सगळेच तोंड वाकडं करतात.” पण त्यांचा आवाज चिरका झाला होता. ट्रॉली परत येताना चाकं करकरतात तसा. त्या आंघोळीला गेल्या.

मुद्रितशोधकांनी बोचक्याला उचलून आणलं, ओरखडा घेतला आणि वाडग्यासमोर बसवलं. “घे ना बाळा. अरे, औषध समजून घे.” बोचकं भिंतीकडे बघत बसलं. लहानपणी लेकीला भरवताना आधी आपण घास घ्यायचा, ‘अहाहा’ म्हणायचं, मग तिच्या तोंडात द्यायचा, हे त्यांना आठवलं. घरात कुणी बघत नव्हतं. त्यांनी बोटाने थोडंसं उचललं, जिभेवर ठेवलं आणि “अहाहा” म्हणणार तोच थांबले.

त्याला मीठ होतं.

फार नव्हतं. पण त्यांच्या स्वतःच्या जेवणापेक्षा होतं. शिवाय मांसाचा खमंग असा काही अर्क होता, जो कारखान्यातल्या कुणीतरी निदान खाणाऱ्याचा विचार करून घातला असावा. मुद्रितशोधकांनी खात्री करण्यासाठी आणखी एक बोट घेतलं. बोचकं त्यांच्याकडे आदराने बघत होतं.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. वाडगा अर्धा भरलेला होता, आणि अर्ध्या भरलेल्या भांड्याकडे बघण्याचा बाईंना किती वर्षांचा सराव आहे हे त्यांना माहीत होतं. कचऱ्यात टाकावं, तर बादली त्या तपासणारच. सिंकमध्ये टाकावं, तर वास. त्यांनी उरलेलं संपवलं आणि वाडगा खाली ठेवला.

केस पुसत बाई आल्या. वाडग्याकडे बघून दारातच थबकल्या. मग टॉवेल तसाच डोक्यावर ठेवून खाली वाकल्या आणि वाडगा उचलून उजेडात धरला.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “चाटून-पुसून.”

त्यांच्या सबंध कारकिर्दीतलं ते पहिलं रिकामं ताट होतं. ते लगेच दुरुस्त करणं मुद्रितशोधकांच्या जिवावर आलं. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

उद्याही वाडगा रिकामा झाला, आणि परवाही. माणसं मूग गिळून गप्प बसतात, ती बोलण्याची पद्धत झाली. मुद्रितशोधक खरोखर गिळत होते.

आपण मांजराला उपाशी मारतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. फिरायला म्हणून बाहेर पडत तेव्हा कोपऱ्यावरच्या खानावळीतून ते तळलेल्या माशाचा तुकडा रुमालात बांधून आणत आणि बाल्कनीत बोचक्यापुढे ठेवत. सुरुवातीला बोचक्याने तो खाल्ला. एकदा खाऊन ओकलं. मग नुसतं चाटू लागलं, आणि पुढे पुढे रुमालाचाच वास घेऊन त्यांच्या पायावर डोकं टेकवायचं. ते प्रेम आहे असं समजणं सोयीचं होतं.

बाई मात्र खुलल्या होत्या. लेकीला फोनवर सांगायच्या, “तुझं बोचकं माझ्या हातचं खातंय हो!” जुन्या सहकारी बाईला सांगायच्या, “अगं, कण शिल्लक ठेवत नाही. माणसांपेक्षा जनावरांना अक्कल जास्त.” या वाक्याने मुद्रितशोधकांना नेमकं काय वाटावं हे ठरवता येईना.

पुन्हा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरणीने बोचक्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पाठीच्या कण्यावरून तिने बोट फिरवलं. कणा मोजता येत होता.

“खातंय ना नीट?”

“नीट? चाटून-पुसून!” बाई म्हणाल्या.

“आश्चर्य आहे.” डॉक्टरणीने मुद्रितशोधकांकडे पाहिलं. “काका, तुम्ही घरीच असता ना? तुमच्यासमोर खातं?”

हाच तो क्षण होता. खोलीत पंख्याचा आवाज होता, टेबलावर बोचकं होतं, शेजारी बायको होती, अभिमानाने किंचित पुढे झुकलेली.

“वाडगा रोज रिकामा होतो,” मुद्रितशोधक म्हणाले.

वाक्यात एकही चूक नव्हती.

“म्हणजे खाऊनही उतरतंय,” डॉक्टरीण म्हणाली. “मग आजारच पुढे गेला म्हणायचा. माप थोडं वाढवून बघा.”

बाईंनी माप वाढवलं. शिवाय दुकानातून त्या डब्यांचा अख्खा खोकाच उचलून आणला. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी गल्ल्यामागे होती. पण तिच्याकडे बघायचं कारण नव्हतं. मुद्रितशोधकांना आता सकाळ-संध्याकाळ बराच ऐवज संपवावा लागे आणि वर बिनमिठाचं जेवणही जेवावं लागे.

“तुम्ही का हो हल्ली जेवताना कंटाळता?” बाईंनी विचारलं.

“भूक नसते.”

“बोचक्याकडून शिका जरा.”

एका दुपारी मात्र बोचकं पाण्याच्या भांड्याशी बसलं होतं आणि पाणी प्यायला मान खाली नेणंही त्याला जमत नव्हतं. त्याची मान मध्येच थांबली होती, विसरल्यासारखी. मुद्रितशोधकांनी ते पाहिलं आणि ठरवलं, आता बस. त्यांनी मनातल्या मनात वाक्य तयार केलं: ‘अगं, बोचकं ते अन्न खात नाही, मी खातो.’ मग दुरुस्त केलं: ‘बोचक्याने ते अन्न कधीच खाल्लेलं नाही.’ यात ‘मी’ नव्हता, म्हणून हे जास्त बरं वाटलं. ते बैठकीच्या खोलीत गेले.

बाई फोनवर होत्या. पलीकडे इस्पितळातलं कुणीतरी असावं. “नाही गं, वाईट अवस्था आहे,” त्या म्हणत होत्या. “पण खाणं सोडलेलं नाही बघ. तेवढं तरी मला जमलं.” आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

मुद्रितशोधक परत फिरले. ‘तेवढं तरी’ हे शब्द खोडायला लागणारं पेन त्यांच्याकडे कधीच नव्हतं. त्यांनी डॉक्टरणीला परस्पर फोन लावला. तो लागला आणि ती “बोला काका” म्हणाली, तेव्हा त्यांनी बोचकं पाणी पीत नाही एवढं सांगितलं. घेऊन या, ती म्हणाली. ते टोपली शोधू लागले. टोपली मिळाली तेव्हा बोचकं चपलांच्या कपाटाखाली गेलं होतं. ते तिथून स्वतः बाहेर आलं नाही.

डॉक्टरणीने त्याच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. “शेवटपर्यंत खात होतं का?”

“आज सकाळीसुद्धा,” बाई म्हणाल्या. “संपवलं सगळं.”

डॉक्टरणीने बरगड्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मग मुद्रितशोधकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “तुम्ही शक्य ते सगळं केलंत, काकू,” ती म्हणाली. काकांना ती काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथ्यबाई उठल्या, डबा फोडला, काट्याने अन्न मऊ केलं, कोमट पाण्याचा शिपका दिला आणि वाडगा कोपऱ्यात ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, मग कंबरेला हात देऊन सरळ झाल्या आणि तोंड धुवायला गेल्या.

भरलेला वाडगा तिथेच होता. परत आल्यावर तो त्यांना बघावा लागू नये, एवढंच मुद्रितशोधकांच्या मनात आलं. ते खाली बसले आणि त्यांनी तो संपवला. पूर्ण संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बाई दारात उभ्या होत्या.

मुद्रितशोधकांच्या मिशीला काहीतरी लागलं होतं.

“पहिल्यापासून?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“एकदाही नाही खाल्लं त्याने?”

“पहिल्या दिवशी हुंगलं होतं.”

बाईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्याही नाहीत. त्यांनी वाडगा उचलला, उजेडात धरला, नेहमीसारखा, आणि सिंकमध्ये ठेवला. नळ सोडला.

“ती म्हणाली होती, खात नसेल तर सांगा,” पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. “जे खाईल ते द्यायचं म्हणाली होती. ऐकलं होतंत ना तुम्ही?”

“ऐकलं होतं.”

“मी दिलं असतं.”

“हो.”

नळ वाहत राहिला. मग त्यांनी तो बंद केला आणि उष्ट्याच्या बादलीकडे बघताना व्हायचा तसला कोरडा आवाज काढून विचारलं, “चव कशी होती?”

मुद्रितशोधकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तुझ्या जेवणापेक्षा मीठ बरं होतं.”

“पोट भरायचं?”

“नाही.”

“नाहीच भरणार. मांजराचं माप होतं ते.”

दुपारी दोघं उरलेला खोका घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवलं.