दर रविवारी एक घर

हृषीकेशने त्या परक्या मुलखात घर घेऊ नये, एवढंच मला वाटत होतं. पोरगा भाड्याच्या घरात असला की परत येईल अशी आशा असते हो. घर घेतलं की संपलं.

आमचा हृषी डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात, तिबिलिसीला गेला आणि शिकून तिथेच आपल्याकडच्या मुलांना शिकवायला लागला. २०१७च्या मार्चमध्ये फोनवर म्हणाला, "आई, यहाँ फ्लॅट बहुत सस्ते हैं. लखनऊमध्ये तेवढ्यात नुसतं पार्किंग येईल." जन्म इथला, लखनऊचा, त्यामुळे मराठी अर्ध्यावर सोडून हिंदीत शिरायची खोड जुनीच. यांना तर केवढा आनंद! हे म्हणजे जगदीशराव, वनस्पतिशास्त्रातले निवृत्त शास्त्रज्ञ. "भाव वाढायच्या आत घ्यावं," म्हणून दिवसभर माझ्यामागे भुणभुण.

मी सरळ नाही म्हटलं नाही. एवढी खुळी नाही मी. म्हटलं, "घे की. पण मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही."

झालं! दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की फोन साखरेच्या डब्याला टेकवून मी बसायची. पलीकडे हृषी आणि घरं विकणारी नीनो नावाची मुलगी. पहिल्या घरात मी नळ सोडायला लावला. "धार बघ, करंगळीएवढी. नको." दुसरं नवंकोरं. तर तिथे म्हणे नवीन घर म्हणजे नुसत्या सिमेंटच्या भिंती. फरशी, दारं, संडाससुद्धा आपलं आपण बसवायचं. म्हटलं, "घर विकतात की गोदाम?" तिसऱ्यात ओट्यापाशी खिडकी नव्हती. पाचव्यात शेजारीण डोकावली, तर मला तिचं तोंडच आवडलं नाही.

"अगं, किती उंटावरून शेळ्या हाकशील?" हे म्हणायचे. यांना खिडकीबाहेरचं झाड तेवढं दिसायचं. "हृषी, ते पान जरा जवळून दाखव रे!"

खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. उद्या काय खोट काढायची ते मी शनिवारीच ठरवून ठेवायची. दोन-दोन तास बोलत असू आम्ही. घरावरून बोलणं स्वयंपाकावर जाई, मग त्याच्या शाळेतल्या मित्रांवर, मग कुठेही.

सातव्या रविवारी नीनोच पडद्यावर आली. हसून इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या मुलाचं घर एवढं छान झालंय, परवाच जुनी फरशी काढून नवी बसवून झाली. तुम्हाला दुसरं कशाला हवं?"

मी फोन डोळ्यांजवळ घेतला. हेही झाड सोडून माझ्याकडे बघायला लागले.

"हृषी," मी म्हटलं, "कुठलं घर रे?"

"पहिलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "तू म्हणालीस ना, दाखवल्याशिवाय सही नको? तोवर सही झाली होती, आई. हिम्मत नहीं हुई बताने की."

"लबाडा! मग ही बाकीची सहा कशाला दाखवलीस? माझी थट्टा करत होतास?"

"नाही गं." तो म्हणाला. "पुढच्या रविवारी तूच विचारलंस, आज कुठलं घर? और दो घंटे बात की. त्याच्या आधी तू 'जेवलास का, बरं, ठेवते' म्हणून तीन मिनिटांत फोन ठेवायचीस. मैंने सोचा, घरं संपली तर तू पण..."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पोटच्या पोराला आईचा आवाज ऐकायला लोकांची घरं हिंडावी लागली, तीही तिथल्या थंडीत. राग कुठल्या कुठे गेला. घरच घेतलंय त्याने, आता तो यायचा नाही, हेही कळलं. रडू दोन्हीचं होतं.

"मीही काही कमी नाही," मी नाक पुसत म्हटलं. "त्या सगळ्या घरांत खोट नव्हतीच काही. चौथं तर मला फारच आवडलं होतं."

हे मोठ्याने हसले. हृषी मात्र हसला नाही. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

"बरं, घर तर झालं," मी म्हटलं. "आता पुढच्या रविवारी काय दाखवशील?"

"सब्जी मंडी," तो म्हणाला.

"चालेल. पण नीट बघून घे, वांगी किडकी असतात."