दोन आखूड, एक लांब

वहिनींनी भाऊजींच्या कोटाला मानाचा बिल्ला टोचला तेव्हा टाचणी जरा जास्तच आत गेली. भाऊजी कळवळले. "बसली घट्ट," वहिनी म्हणाल्या आणि कॉलर नीट केली. गेली कित्येक वर्षं भोंगादिनाच्या सकाळी हे काम त्यांच्याकडेच असे. टाचणी मुद्दाम टोचली होती आणि टोचल्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

भोंगादिन म्हणजे सगळ्या प्रांताला सुट्टी. कॅलेंडरात लाल आकडा, शाळा बंद, दुकानांत सवलती. आताच्या पोरांना विचाराल तर म्हणतील, त्या दिवशी उशिरापर्यंत लोळायचं असतं. ज्यांना थोडंफार ठाऊक आहे ते सांगतात की कागदाच्या कारखान्यात आग लागली, एका शूर माणसानं भोंग्याची साखळी ओढली आणि माणसं वेळेवर बाहेर पडली. तो शूर माणूस म्हणजे भाऊजी. आणि बॉयलरवर डुलकी लागून ज्यानं आग लागू दिली आणि स्वतःही गेला, तो त्यांचा थोरला भाऊ. वहिनींचा नवरा.

वहिनींना खरं काय ते त्याच दिवशी कळलं होतं. बॉयलरवाला हा गडी मोठा मिश्कील. दिवसभर पाणी तापवायचा आणि घरी येऊन पुन्हा बायकोला पाणी तापवायला लावायचा. त्यासाठी पाळी संपताना साखळीला आधी दोन आखूड झटके द्यायचा, मग नेहमीचा लांब भोंगा. दोन आखूड म्हणजे, निघालो, चुलीवर पाणी ठेव. साहेबानं एकदोनदा झापलं, पण हा कसला ऐकतोय. त्या दिवशीही दोन आखूड वाजले आणि मग लांब भोंगा थांबेचना. आज काय हा खुळ्यासारखा ओढत बसलाय, असं म्हणत वहिनींनी पाणी ठेवलं. पाणी उकळून उकळून आटलं.

चौकशीत भाऊजींनी साखळी आपणच ओढल्याचं सांगितलं, तेव्हा वहिनींनी त्यांना एकदाच विचारलं होतं. भोंगा ह्यांनीच दिला ना? भाऊजी नजर चुकवून म्हणाले होते, "भोंगा तो भोंगा वहिनी. कोणीही ओढला तरी तसाच वाजतो."

पुढे कारखान्याची खोली रिकामी करावी लागली. पदरात लहान मुलगी. भाऊजींनी दोघींना घरात घेतलं, आणि घेतलं म्हणजे अगदी मानानं घेतलं, उगाच का खोटं बोला. ज्याचं मीठ खायचं त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं? वहिनी गप्प बसल्या. शाळेत मुलीला 'डुलकीवाल्याची पोर' म्हणून चिडवायचे, ती रडत घरी यायची, आणि वहिनी तिचे डोळे पुसून भाऊजींच्या ताटात गरम वाढायच्या. वाढताना दात असे आवळून धरायच्या की रात्री जबडा दुखायचा.

आता मुलीनं स्वतःचं घर केलं होतं. काल संध्याकाळी वहिनींनी आपली पेटी तिकडे हलवली. भोंगादिन समितीच्या बाईंनी दरवर्षीसारखं विचारलं, दोन शब्द बोलाल का, तेव्हा त्या पहिल्यांदाच हो म्हणाल्या.

"काय बोलणार आहात?" भाऊजींनी कोटाची बटणं लावत विचारलं.

"जे झालं ते."

भाऊजींचा हात बटणावरच थांबला. मग ते बाहेर जाऊन गाडीत बसले.

कारखाना कधीच बंद पडला होता, पण भोंगा सोहळ्याच्या मैदानाच्या कडेला उंच चौथऱ्यावर जपून ठेवला होता. एरवी समितीचा कोणीतरी माणूस हवेच्या दाबावर तो एकदाच लांब वाजवायचा. यंदा भाऊजींनी स्वतः ओढायचा, असं ठरलं होतं. वहिनी मंचावर बसल्या. समोर पहिल्या रांगेत लेक होती. वहिनींनी मनातल्या मनात वाक्यं घोळवली. सगळ्यांदेखत या माणसाचं पितळ उघडं पाडायचं, मग लोकांनी वेडी ठरवलं तरी बेहत्तर.

भाऊजी पायऱ्या चढले. साखळी हातात धरली. मग ओढली.

एक आखूड. आणखी एक आखूड. आणि मग लांब.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. चूल पेटवायची राहिली, असं क्षणभर खरंच वाटलं त्यांना. मग त्या पुन्हा बसल्या. समोर लोक हसत होते. समितीच्या बाईंनी माइकवर सांभाळून घेतलं, यांचं आता वय झालं, साखळी हातातून सुटते. टाळ्या पडल्या.

म्हणजे याला ते दोन आखूड ठाऊक होते. पळता पळता यानंही ते ऐकलं होतं आणि इतकी वर्षं कानात जपून ठेवलं होतं.

भाऊजी खाली उतरून शेजारी येऊन बसले. चेहरा घामानं डबडबला होता. ते वाकून हळूच म्हणाले, "ऐकलंत ना वहिनी? झालं आता?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाच कळेल अशा भाषेत माफी मागून हा मोकळा होऊ पाहत होता. लेकीला चिडवलं होतं ते मात्र भर वर्गात, सगळ्यांना कळेल अशा भाषेत. माफ करून टाकावं असं क्षणभर वाटलं होतं, ते तिथेच विझलं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी माइक हातात घेतला. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही आणि त्याची गरजही उरली नव्हती.

"आज इतक्या वर्षांनी भोंगा बरोबर वाजला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी असाच वाजला होता."

पुन्हा टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत वहिनी थांबल्या.

"आधीचे ते दोन आखूड झटके कोण द्यायचं, ते मला माहीत आहे. भाऊजींनाही माहीत आहे. मी डुलकीवाल्याची बायको, माझं कोण खरं मानणार? तेच सांगतील."

त्यांनी माइक भाऊजींसमोर धरला.

"सांगा भाऊजी. कोणीही ओढला तरी तसाच वाजतो का?"

पहिल्या रांगेत लेक उभी राहिली होती. भाऊजींनी माइककडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात कोटावरच्या बिल्ल्याकडे गेला. बोटं चाचपडत राहिली. सकाळी बसवलेली टाचणी काही केल्या निघेना. वहिनींनी मदत केली नाही. माइक तेवढा तसाच धरून ठेवला.