राह्यलं असन कोनी, बसून घ्या

मी गफ्फारची काळीपिवळी जीप. फुलसावंगीत त्याच्या गॅरेजमागे, बाभळीखाली विटांवर उभी आहे. थोडा वेळ असेल तर माझं ऐका.

मला वाचता येत नाही, पण वजन कळतं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांना कोण बसलं, कोण उतरलं ते बरोबर समजतं. माणूस खोटं बोलतो, वजन बोलत नाही.

एके काळी माझ्यात कापूस वेचणाऱ्या बाया, बाजारची माणसं, कोंबड्या सगळे बसत. जागा नऊ जणांची, बसत सोळा. रिकाम्या जागेनं निघणं गफ्फारला पाप वाटे. गाडी सुरू करायच्या आधी तो हाळी देई, "चला, राह्यलं असन कोनी त बसून घ्या." त्याची अम्मी सुग्राबी म्हणे, हा झोपेतही हेच ओरडतो.

मग कापसाची वाईट वर्षं आली. शेतं लवकर ओस पडू लागली, बाजारही. मी अर्धी रिकामी धावू लागले. तेव्हा गफ्फारनं माझ्या पत्र्यावर रंगवून घेतलं, तो ते मोठ्यानं वाचून दाखवी: माहूरगड, सागाचे डोंगर, धरणातलं बेट, एका दिवसात.

त्या मे महिन्यात राळेगावचे निवृत्त मास्तर वामनराव आणि त्यांच्या पत्नी बेबीताई सहलीला आले. सुग्राबीही बसली. तिला बेटावर जायचं होतं. तिथं तिची लेक नुजहत होती.

नुजहत सात वर्षांची असताना तापानं गेली. त्यांच्या जुन्या गावामागच्या टेकडीवर तिला पुरलं. मग पैनगंगेवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि टेकडीचं बेट झालं. गफ्फारचा जन्म त्यानंतरचा. पंचवीस वर्षं तिकडे वाट नव्हती. त्या वर्षी पाणी इतकं खाली गेलं, की बुडालेला गाडीरस्ता वर आला, म्हणूनच पत्र्यावर बेट आलं.

सकाळी आम्ही माहूरगडावर होतो. वामनराव एकेका बुरुजापाशी थांबून राजांची नावं सांगत होते. बेबीताई म्हणाल्या, "बजारातून भाजी कोनती आनाची ते ध्यानात राहत नाही यायच्या, अन् राजे बरे ध्यानात राह्यते." सुग्राबी पदराआड हसली. दिवसभरात तेवढंच.

पानं झडलेल्या सागांमधून घाट चढत-उतरत दुपारी आम्ही धरणापाशी पोचलो. पाण्याच्या जागी भेगाळलेला गाळ होता. त्यात घरांची जोती, एक विहीर, पांढरे शिंपले. पक्षी एकही नव्हता. माझी चाकं बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत बसली. पुढची वळणं गफ्फारनं घेतली नाहीत. स्टिअरिंग आपोआप फिरत होतं आणि तो नुसता हात ठेवून बसला होता.

टेकडीवर दगडांच्या रांगा होत्या. बाईमाणसानं कबरीजवळ जायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. सुग्राबी बाकावरच बसून राहिली. कडेपासून तिसरी, एवढं तिनं सांगितलं. गफ्फार गेला, फातिहा पढून आला.

"घास उगी है क्या वहाँ?" तिनं विचारलं.

"कुछ नै अम्मी. पत्थर है."

पंचवीस वर्षांनी ती पन्नास पावलांवर आली होती, आणि परत निघायचं होतं. मास्तर, बेबीताई बसले. सुग्राबीशेजारची जागा रिकामी होती. गफ्फारनं किल्ली फिरवली आणि सवयीनं, कबरींकडे तोंड करून, हाळी दिली. "चला, राह्यलं असन कोनी त बसून घ्या."

हाळी देऊन झाल्यावर त्याला कळलं, आपण कुठं उभे आहोत ते. कोणी हसलं नाही.

माझा मागचा डावा पाटा हळूच दबला. सात वर्षांच्या मुलीचं असतं, तेवढंच वजन.

सुग्राबी आत सरकली.

"काहून सरकल्या मावशी? जागा हाय ना," बेबीताई म्हणाल्या.

"असू द्या. तिले कडेले बसाले आवडते."

घरी सगळे उतरले, पण पाटा वर आला नाही. गफ्फारनं तो बदलून पाहिला. नवाही तसाच दबलेला. त्या जागी बसणाऱ्यांना भर उन्हात हुडहुडी भरे. माणसं दुसऱ्या गाड्या बघू लागली.

सुग्राबी मात्र रोज दुपारी येऊन बसे. गल्लीतल्या गोष्टी सांगे, मधेच थांबे, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवे. मृग जवळ आला तसा गफ्फार म्हणाला, वाट बुडायच्या आत नुजहतला परत बेटावर सोडून येऊ. सुग्राबीनं माझा दांडा घट्ट धरला.

"पच्चीस साल पानी के बीच रही वो. अब नै."

पाऊस पडला. वाट बुडाली.

या हिवाळ्यात सुग्राबी गेली. तिचा जनाजा माझ्या समोरून गेला, तेव्हा पाटा थरथरला, पण वर आला नाही. पोरीला कोणी काही सांगितलं नाही. ती अजून दुपारी कडेला सरकते, शेजारी जागा करते.

शुक्रवारी उमरखेडचा भंगारवाला मला कापायला येणार आहे. माझं काही म्हणणं नाही. मी खूप रस्ते पाहिले. पण त्याआधी कोणीतरी मागच्या बाकापाशी या. तिची अम्मी आता कुठं निजली आहे, ते नीट सांगा. आणि हात धरून उतरवा. माझी पायरी उंच आहे, ती अजून सातच वर्षांची आहे.