न सोललेलं घड्याळ

काचेवरचा

हा स्टिकर आधी निघतो. जुना असला तरी फारसा भाव खात नाही. म्हणून सुरुवात इथून.

रविवारी दुपारी बाबा दोन बस बदलून लेकीच्या घरी आले ते दाढी घोटून, नखं कापून आणि इस्त्रीचा शर्ट घालून. काखेत त्यांची कामाची चामडी पिशवी. निवृत्त झाल्यापासून ती पिशवी लेकीने पाहिली नव्हती.

"जावईबापू आहेत ना?" चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"आहेत. तुमचीच वाट बघतायत."

"ऐकलंस? माझी वाट बघतायत!" हे त्यांनी तिलाच सांगितलं, तिने सांगितलेलं.

तिने पाण्याचा पेला पुढे केला. सांगायचं तर हीच वेळ होती. बाबा पाणी गटागटा प्यायले, पेला परत दिला आणि आत गेले. वेळ गेली.

काय सांगायचं होतं ते आता आपणच सांगून टाकू, नाहीतर तीच गत आपली व्हायची.

बाबांनी जन्मभर एकच काम केलं. भारी घड्याळांच्या शोरूममध्ये, विकलेल्या घड्याळावरचे स्टिकर काढून ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर चढवायचं. कारखान्यातून घड्याळ येतं तेच अंगभर पारदर्शक पापुद्रे चिकटवून: काचेवर, पट्ट्याच्या लॉकवर, कडांना, पाठीवर. ओरखडा पडू नये म्हणून. कोणीही ओरबाडून काढेल. बाबा मात्र गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत, मखमलीवर घड्याळ ठेवत आणि एकेक पापुद्रा असा उतरवत की शेजारच्या काउंटरवरचे लोक माना वळवत. मग म्हणत, "हात पुढे करा." लॉक टक्‌कन लागलं की, "आता हे तुमचं." पावती फाडली तेव्हा नाही, तर आत्ता. शोरूममधली मंडळी त्यांना कातकाका म्हणत. सापाच्या कातीसारखं सगळं अख्खं निघायचं ना, म्हणून. हे नाव बाबा अंगावर पदक मिरवावं तसं मिरवत.

निवृत्तीच्या दिवशी मालकाने त्यांना एक सोन्याचं घड्याळ दिलं. बाबांनी ते स्वतः घातलं नाही. लेक नुकतीच सासरी गेलेली. पेटी काखेत मारून ते तडक तिच्या घरी आले, जावयाला समोर बसवलं आणि म्हणाले, "हात पुढे करा."

जावयाने पेटी पाहिली, घड्याळ पाहिलं, त्यावरचे स्टिकर पाहिले आणि हात मागे घेतला.

"राहू द्या ना बाबा. आत्ताच कशाला?"

बाबांना वाटलं, लाजतायत.

लॉकवरचा

हा चिवट. याच्याखाली घाण साठते.

लाजबीज काही नव्हतं. तिचा नवरा घड्याळं जमवतो. स्टिकर शाबूत असलेलं घड्याळ म्हणजे कोणीच न घातलेलं घड्याळ, आणि कोणीच न घातलेलं घड्याळ म्हणजे त्याच्यासारख्या जमवणाऱ्या मंडळींत राजा. घरातलं एकुलतं एक लाकडी कपाट त्या राजांना; लेकीचे कपडे पॅसेजमधल्या दांडीवर. कपाटात दमट हवा शोषून घेणाऱ्या पुड्या ठेवलेल्या असतात. ती एकदा म्हणाली, "एक पुडी मलाही द्या की, माझ्या कपड्यांना वास येतो." तो पोट धरून हसला. मग मंडळींनाही त्याने हा विनोद सांगितला. पुडी काही दिली नाही.

बाबांचं घड्याळ त्या कपाटात वर्षभरसुद्धा राहिलं नाही. मंडळींपैकी एकाला ते देऊन त्याने दुसरं घेतलं, जास्त दुर्मीळ. तिला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

"अहो, बाबांनी दिलेलं होतं ते."

"मग? एक गेलं, एक आलं. घरात घड्याळ आहेच की."

ती बाबांना सांगणार होती. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, आणि मग दर थोड्या महिन्यांनी येतच राहिला. घालतात का गं घड्याळ?

जपून ठेवलंय बाबा.

घालतात का गं?

एखाद्या मोठ्या समारंभाला घालायचं म्हणतात.

झाला का समारंभ?

झाला, पण तेव्हा नेमका ताप होता त्यांना.

आवडलं नाही का गं त्यांना? खरं सांग. मला काय, वाईट नाही वाटायचं.

आवडलं ना बाबा. तुमच्याच हातून स्टिकर काढून घ्यायचेत म्हणतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही म्हणतात.

शेवटची थाप तिच्या तोंडून कशी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. पलीकडे बाबांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मग मी आहेच की. केव्हाही." तेव्हापासून ते वाट बघत होते.

खोटं बोलणं तिला नवं नव्हतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती सुई टोचायला असते. "जरासं टोचेल हं, दुखणार नाही," हे तिचं सकाळपासूनचं पालुपद. पण तिथे माणूस शर्टाची बाही खाली करून निघून जातो. बाप कुठे जाणार?

मग मंडळींपैकी एकाने बऱ्याच वर्षांनी आपली पेटी उघडली आणि छाती पिटली. जुन्या स्टिकरचा गोंद आंबून सोन्यावर तपकिरी चट्टे पडले होते. ज्याने राखायचं त्यानेच खाल्लं. सगळ्या मंडळींची झोप उडाली. तिचा नवरा तर भिंग घेऊन कपाटापाशी ठाणच मांडून बसला.

"तुझ्या बाबांना बोलाव," तो म्हणाला. "कातकाका आहेत ना ते?"

"पण ते आपलं घड्याळ मागतील."

"मग सांग, गेलं म्हणून." मग तिच्याकडे बघून, "तू अजून सांगितलं नाहीस? धन्य आहेस बाई."

बाबांना फोनवर तिने एवढंच म्हटलं, "स्टिकर काढायला बोलावलंय तुम्हाला." पुढचं वाक्य तिने जुळवून ठेवलं होतं. पण बाबा ओरडले, "लागला म्हणायचा मुहूर्त!" आणि ते वाक्य तिने गिळलं.

कडांचे

हे दोन असतात, नखाएवढे. यांच्यात माणसाची परीक्षा.

जेवणाच्या टेबलावर बाबांनी पिशवीतलं मऊ कापड पसरलं. लाकडी काडी, कापूस, लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलची बाटली, डोळ्याला लावायचं भिंग. तिने केस वाळवायचं यंत्र आणून दिलं.

"ऊब द्यायची, चटका नाही," बाबा जावयाला सांगत होते. "गोंद म्हाताऱ्यासारखा असतो. आधी शेकायचा, मग बोलायचं. काडी आडवी घालायची. ओढायचं ते वर नाही, जमिनीला समांतर. आणि नख? नख लावायचंच नाही. नखाएवढा हलकट शत्रू नाही घड्याळाला."

"वा!" नवरा म्हणाला. तो तोंडभरून कौतुक करत होता आणि हातात मेणकागद धरून बसला होता.

"ते कशाला?"

"सालं ठेवायला. कुठलं कुठून निघालं ते लिहून ठेवणार. मूळ स्टिकर आहेत का, असं विचारतात हो लोक."

बाबा हसले. "केळं खाऊन साल फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणा की."

"केळंही खात नाहीत, बाबा," ती दारातून म्हणाली. "नुसतं बघतात."

दोघेही हसले. ती हसली नाही.

पहिलं घड्याळ निघालं. बाबांनी सवयीने ते दोन्ही हातांत धरून पुढे केलं. "घालून तर बघा."

"नको नको, घाम लागतो." नवऱ्याने ते फडक्यात झेललं आणि पेटीत घातलं. दुसरं. तिसरं. पापुद्रे अख्खे निघत होते, मेणकागदावर ओळीने निजत होते. बाबा मध्येच टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत. तिथे बंद पेट्या रचलेल्या. त्यांत ते एक ओळखीची पेटी शोधत होते, हे तिला कळत होतं. तिने कांदा चिरायला घेतला, अर्धवट टाकला, परत दारात आली.

अजूनही सांगता आलं असतं. "बाबा, जरा आत या," एवढंच. तिने तोंड उघडलंही.

"हं," बाबांनी भिंग कपाळावर सरकवलं, हात पुसले, शर्टाची कॉलर नीट केली. "आता आपलं काढा."

पाठीवरचा

"आपलं म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, मी दिलेलं."

"ते? ते कधीच गेलं. अदलाबदलीत." त्याने तिच्याकडे बोट केलं. "हिने सांगितलं नाही?"

टेबलावरचा दिवा जळत होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही. एखाद्या घड्याळाची पाठ बघून खरं-खोटं ओळखायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढाच.

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "सांगितलं होतं हिने. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. वय झालं आता."

तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी पेट्रोलची बाटली फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

"बदल्यात काय मिळालं?" बाबांनी विचारलं.

नवऱ्याचा चेहरा उजळला. इतका वेळ हेच कोणीतरी विचारावं म्हणून तो बसला होता जणू. त्याने सगळ्यात खालची पेटी काढली, झाकण उघडलं. बाबांनी भिंग डोळ्यावर ओढलं. त्यांचे कान लाल झाले होते, तेवढं तिला दिसत होतं. ते रागाने का दिव्याच्या उबेने, ते मात्र दिसत नव्हतं. चिडा ना, ती मनात म्हणत होती. चिडा एकदा. त्याच्यावर चिडा, माझ्यावर चिडा. टेबल उलटं करा.

"हं," बाबा म्हणाले. "सौदा वाईट नाही केलात."

"नाही ना?"

"आपलं बरं होतं. हे त्याच्यापेक्षा सरस आहे. तबकडी बघा कशी आहे." आणि त्यांनी काडी उचलली.

एवढ्याचसाठी. 'ते गेलं' एवढं एक वाक्य बापाला ऐकायला लागू नये म्हणून ती इतकी वर्षं तोंडाने वेडीवाकडी भरतकामं करत राहिली होती. ताप आणला, समारंभ रचले, नवऱ्याच्या तोंडी प्रेम घातलं. आणि बापाने पेटीत डोकावून म्हटलं, हे सरस आहे.

का त्यांनी गिळलं? जावयापुढे लेकीची लाज राहावी म्हणून? मग तिच्याकडे पुन्हा एकदा तरी बघायचं होतं. ते तर पाठीवरचा स्टिकर शेकत होते.

पाठीवरचा सगळ्यात मोठा असतो, आणि सगळ्यात घट्ट चिकटलेला. एक कड उचलली गेली. खाली सोनं दिसलं, अगदी कोवळं.

"सावकाश हं बाबा," नवरा कुजबुजला. मेणकागद त्याच्या तळहातावर पसरलेला, एखादं बाळ घ्यायला दुपटं धरावं तसा. "हा फाटला तर सगळं गेलं. याच्या जोडीचा कुठे नाही."

"अहो, फाटतोय कसला! या हातांनी—"

ती टेबलापाशी कधी आली ते कोणाला कळलं नाही. तिने अंगठ्याचं नख उचललेल्या कडेखाली घातलं आणि ओढलं. वर. सगळ्या जोराने.

स्टिकर मधोमध फाटला. सोन्यावर करकर आवाज झाला.

"नख नाही!" बाबा ओरडले आणि त्यांनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

लहानपणापासून आजवर त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

नवरा किंचाळत होता, काय केलंस, वेड लागलं का तुला, काय केलंस. बाबा त्याला म्हणाले, "थांबा, थांबा, हलवू नका. दिवा इकडे घ्या." नवऱ्याने दिवा घेतला. बाबांनी भिंग लावलं, मग काढून त्याच्या डोळ्याला लावलं. दोन डोकी एका उजेडात आली, एक पांढरं आणि एक काळं. इतक्या वर्षांत ही दोन डोकी इतकी जवळ तिने पाहिली नव्हती.

"खोल आहे का?"

"छे. वरवरचा आहे. हे बघा, तिरपा उजेड पडला की दिसतो, सरळ पडला की गायब. मऊ कापडाने निघेल. माझ्याकडे घरी लेप आहे त्याचा."

"नक्की?"

"अहो, कातकाका आहे मी."

"आणि फाटलेलं साल?"

"ते बघू. खालून पातळ कागद लावून जोडता येईल. जोड कोणाला दिसणार नाही."

ती उभी होती. हाताचा मागचा भाग चुरचुरत होता. कोणी "जा आत" म्हटलं असतं तरी चाललं असतं. निदान जायला एक निमित्त झालं असतं. कोणी काही म्हटलं नाही. ती टेबलाला खेटून उभी होती आणि दोघांना तिच्या सावलीची अडचण होत होती एवढंच. बाबांनी न बघताच हाताने तिला थोडं बाजूला सारलं.

"उजेड येऊ दे," ते म्हणाले.

ती बाजूला झाली.

"बाबा," नवरा भिंगातून डोळा न काढता म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, त्यात लाघव होतं. "पुढच्या रविवारी लेप घेऊन याल का? बाकीचीही तेव्हाच करू. जेवायलाच या."

बाबांनी मान वर केली. या घरात जावयाने त्यांना जेवायला बोलावलं, ते आज पहिल्यांदाच.

"येतो की," ते म्हणाले. "मला दुसरं काय काम आहे?"