निरोपाचं भाषण

परदेशात जाऊन वर्षभर फुकट राबण्याला स्वयंसेवा म्हणतात. मी गेले होते एका शाळेचं वाचनालय उभं करायला. ते उभं केलं माझ्या घरमालकीण मावशींनी. मी हाताखाली होते. भिंतीला ओल आली तेव्हा मावशींनी पुस्तकं स्वतःच्या पलंगावर वाळत घातली आणि आठवडाभर जमिनीवर झोपल्या. फीत मुख्याध्यापकांनी कापली.

सरांची भाषणं मीच लिहायचे. आधी नजर टाकायची त्यांची पद्धत नव्हती. कागद थेट माइकसमोर उघडायचा. मी कंसात 'इथे थांबावे' लिहिलं की थांबत, 'इथे हसावे' लिहिलं की हसत. आवाज मात्र भारदस्त.

निघायला चार दिवस असताना कळलं, वाचनालय आता सरांचा मेहुणा सांभाळणार.

"मावशी चौथी शिकलेल्या," सर म्हणाले. "शोभत नाही हो. बरं, तुमच्या निरोपाचं भाषण तेवढं लिहून द्या."

"सगळं लिहू?"

"सगळं! हात आखडता घेऊ नका."

मावशी भांडी घासत होत्या. "जाऊ दे गं. तू विमानात बसशील, मला इथंच राहायचंय." एवढं बोलून त्यांनी घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

मी हात आखडता घेतला नाही.

समारंभाला शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाई आल्या होत्या. पहिल्या रांगेत मेहुणा, नव्या कोटात. त्याला द्यायची वाचनालयाची किल्ली सरांच्या खिशात. सरांनी घसा साफ केला.

"हे वाचनालय मी उभं केलं नाही. मी फक्त फीत कापली, तीही वाकडी." कंसातल्या आज्ञेनुसार ते हसले. सभागृहही हसलं. केवढा दिलदार माणूस! "माझ्या मेहुण्याने तर अजून आत पाऊलही टाकलेलं नाही. म्हणून आज, अध्यक्षबाईंच्या साक्षीने, वाचनालय मी मावशींच्या स्वाधीन करतो. इथे खिशातून किल्ली काढावी."

हा कंस मात्र त्यांनी मोठ्याने वाचला. सवयीने हात खिशात गेला, किल्ली बाहेर आली, आणि मग अर्थ डोक्यात शिरला. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. "वा, सर! मावशी, या वर. सोमवारपासून रुजू व्हा. पत्र मी पाठवते."

मावशी पदराला हात पुसत वर गेल्या. सरांची बोटं सुटेनात. मावशींनी किल्ली जवळजवळ उपटूनच घेतली.

मी गाडीत बसले तेव्हा सर खिडकीशी आले. "हा विश्वासघात आहे."

"छे हो, सर. स्वयंसेवा." मी काच वर केली. "इथे हसावे."