पोचा आलेली पट्टी

सन एकोणीसशे सदुसष्टचा हिवाळा संपत आला होता, तेव्हा माझा जन्म झाला. मी पट्टी आहे. मोटारीच्या दारावर, काचेच्या खाली, बाहेरून जी चकचकीत कड दिसते ती मी. लोक मला मुलामा दिलेली समजतात. मी आतून बाहेरून एकच आहे, न गंजणाऱ्या पोलादाची. हे आधी सांगितलेलं बरं.

मला पत्रा लाटणाऱ्या रुळांतून काढलं, वाकवलं आणि फिरत्या चाकावर घासलं. घासता घासता एकाएकी माझ्यात छप्पर आलं, दिवा आला, घासणाऱ्याचं नाक आलं. मी थक्क झाले. मला स्वतःचा चेहरा नाही. समोर येईल तो माझा. ते नवल अजून संपलेलं नाही.

आमची गाडी एका बाईंनी घेतली. त्या गाडी चालवायला शिकवत. शिकणारा स्टिअरिंगवर, बाई शेजारी. शिकणाऱ्याचं घामेजलेलं कोपर माझ्यावर टेकायचं.

"कोपर आत," बाई म्हणत. आवाज कधी चढला नाही. गरजच पडत नसे.

पहिल्या दिवशी ज्याला फाटकातून गाडी काढता येत नसे, तोच पुढे अरुंद गल्लीतून ती सरळ मागे घेई. मी हे अनेकदा पाहिलं. दर वेळी वाटलं, माणसाचा हात ही काय चीज आहे!

एक जण पत्र्याचा कारागीर होता, पंचविशीचा. हात चांगले, पण घाई फार. त्याने थांबायच्या जागी गाडी दामटली आणि फाटकाची कडी माझ्यात घुसली. खोल पोचा आला.

तो खाली उडी मारून म्हणाला, "बाई, आत्ता काढतो. हातोडी घेऊन येतो."

"आधी गाडी शिक. बस आत, ठोक्या."

तेच नाव पडलं. तो शिकला, चांगला शिकला. शेवटच्या दिवशी फडक्यात हातोडी गुंडाळून आला.

"हातोडी आणलीस. मागे धरायला ठोकळा?" बाईंनी विचारलं.

तो घाईत विसरला होता. मागे ठोकळा नसेल तर पोचा निघत नाही, दुसरा येतो. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचे कान लाल झाले.

"घाई गेली की ये. तोवर हे देणं राहू दे तुझ्याकडे."

तो गेला. वर्षं गेली. बाई प्रत्येक नव्या शिकाऊचं बोट माझ्या पोच्यात ठेवत. "ही घाई," एवढंच म्हणत.

मग काळ्या पट्ट्यांची चाल आली आणि बाईंच्या मुलाने मला काळा रंग फासला. त्या दिवसापासून मला काही दिसेना. पुढे बाईंनाही दिसेनासं झालं. गाडी छपराखाली उभी राहिली.

परवा नातीने गाडी ढकलत बाहेर काढली. तिला याच गाडीवर शिकायचं होतं. दुकानातून प्लॅस्टिकची नवी पट्टी आणून ती माझ्या टोकाखाली पेचकस खुपसून ओढू लागली. मी कण्हले.

"हात काढ." घराच्या दारातून बाईंचा आवाज आला.

"आजी, तुला कसं दिसलं?"

"ऐकू आलं. एका टोकाने ओढलीस तर मुडपेल ती."

"अगं, जुनी झालीय. केवढा पोचा आहे तिला!"

"त्या पोच्याला मालक आहे. त्याला बोलाव."

तो आला. पाऊल आता सावकाश वाजत होतं.

"ठोकळा आणलाय, बाई."

"हातोडी?"

"तीही."

दोघं हसली.

त्याने लाकडी पाचर सरकवत माझी एकेक पकड सोडवली. रंग उतरवला. आणि आभाळ, फाटक, त्याच्या पांढऱ्या झालेल्या भुवया, सगळं एकदम माझ्यात आलं! इतकं आभाळ असतं हे मी विसरले होते.

मग ठोकणं सुरू झालं. जोर झाला असता तर मला चीर पडून मी भंगारात गेले असते. ठोके कसले, थापाच त्या. एक थाप, मग अंगठा फिरवून अंदाज, मग दुसरी.

"आजोबा, लवकर नाही का होणार?" नातीने विचारलं.

"लवकर केलं होतं एकदा."

घासायच्या चाकाने कड पकडली तर पट्टी हातातून उडते. त्याने श्वास धरून मला चाकाला लावलं. त्याचे हात थरथरणारे होते. चाकाशी मात्र ते थरथरले नाहीत. असं कसं होतं, मला कळलेलं नाही.

त्याने मला पुन्हा दारावर बसवलं. नातीने आजीला आणलं. बाईंचं बोट माझ्या टोकावर टेकलं आणि हळू पुढे निघालं. पोच्याच्या जागी ते रेंगाळलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. कुठे अडलं नाही. बाईंचा चेहरा माझ्यात होता. त्यांना तो दिसत नव्हता. मी पाहिला.

तो टोपी हातात घेऊन उभा होता.

"फिटलं, ठोक्या," बाई म्हणाल्या.